लोखंडी टांकीची कल्हई

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेण्याची रीत महाराष्ट्रांतील घरांना पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. दारावर कल्हईवाला आला कीं घरोघरचीं पातेलीं नि तपेलीं बाहेर निघत. भात्यानें निखारे फुलत, नवसागराचा पांढरा धूर उठे, आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेर फिरतांच काळवंडलेलें भांडें आंतून चांदीसारखें झळकूं लागे. या साध्या दृश्यांत धातुविद्येचा एक मोठा नियम सांठविलेला आहे. भांड्याचा देह एका धातूचा असतो. परंतु आंतल्या पदार्थाशीं गांठ पडते ती दुसऱ्याच धातूच्या पातळ पापुद्र्याची. देह बळकटीसाठीं, पापुद्रा रक्षणासाठीं. कल्हईवाल्याचा दुसरा नियमहि तितकाच महत्त्वाचा आहे: भांडें अगोदर निर्मळ झालें पाहिजे; मळावर कथील धरत नाहीं.

मोटारगाडीच्या पेट्रोलच्या टांकीचा इतिहास हा याच दोन नियमांचा इतिहास आहे. जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांपुढें एक प्रश्न वारंवार उभा राहतो: गंजलेली टांकी स्वच्छ कशी करावी, आणि ती पुन्हां गंजूं नये म्हणून तिला आंतून अस्तर कसें द्यावें? याचें उत्तर समजून घ्यावयाचें तर टांकी मुळांत कशाची केली होती आणि तशी कां केली होती, येथून आरंभ करावा लागतो. प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. या कामांत उतावळेपणा केल्यास माणसाचा प्राण जातो, हें मोटारीच्या इतिहासानें अनेकदां दाखविलें आहे.

प्रथम एक शंका. पेट्रोल हें एक प्रकारचें तेलच. आणि लोखंडाला तेल लावलें म्हणजे गंज चढत नाहीं असा आपला रोजचा अनुभव. मग तेलानें भरलेली टांकी आंतून गंजते कशी? गंज चढण्यास लोखंडाला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायु. पेट्रोल स्वतः लोखंडाला कांहीं करीत नाहीं. पण त्याच्या सोबतीनें पाणी टांकींत शिरतें. पेट्रोल खर्च होतें तशी त्याची जागा घेण्यास टांकीच्या झांकणांतील बारीक छिद्रांतून बाहेरची हवा आंत येते. दिवसां उन्हानें टांकी तापली कीं आंतील हवा प्रसरण पावून बाहेर पडते. रात्रीं गारवा आला कीं आकुंचन होऊन नवी दमट हवा आंत ओढली जाते. अशा रीतीनें अर्धी रिकामी टांकी अहोरात्र श्वासोच्छ्वास करीत असते, आणि प्रत्येक श्वासाबरोबर दंवाचे कांहीं थेंब तिच्या थंड पत्र्यावर सांचतात. एक लीटर पेट्रोलाचें वजन सुमारें पाऊण किलो भरतें, तर तेवढ्याच पाण्याचें एक किलो. म्हणून हे थेंब ओघळून पेट्रोलाच्या खालीं जातात आणि तळाशीं जाऊन बसतात. वरून पाहणाऱ्यास स्वच्छ पेट्रोल दिसतें. खालीं मात्र पत्रा पाण्यांत उभा असतो.

त्यांत लोखंडाचा स्वभाव असा कीं त्याचा गंज त्याचें रक्षण करीत नाहीं. ॲल्युमिनियमवर हवेनें चढणारा पापुद्रा घट्ट बसतो आणि आंतल्या धातूला झांकतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापतो, फुगतो, सुटतो आणि त्याखालचें कोरें लोखंड पुन्हां उघडें पडतें. सुटलेल्या पापुद्र्यांचा चुरा पेट्रोलाबरोबर बारीक नळींत जातो. चढावावर एंजिन आचके देऊं लागतें आणि बंद पडतें. चालक एंजिन उघडून बसतो, आणि दोष असतो टांकींत.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत हा प्रश्न जाणवला नाहीं, कारण टांकी म्हणण्यासारखें कांहीं नव्हतेंच. कार्ल बेन्झ यानें १८८६ सालीं आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें. त्याची पत्नी बेर्टा हिनें ऑगस्ट १८८८ मध्यें दोन मुलांना घेऊन मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास त्या गाडींतून केला, तेव्हां गाडींत इंधन इतकें थोडें मावे कीं वाटेंत वीसलोख या गांवीं औषधविक्याच्या दुकानांत जाऊन डाग काढण्याचें हलकें खनिज तेल विकत घ्यावें लागलें. पुढें गाड्या लांब पल्ल्याला जाऊं लागल्या, तशा तांब्याच्या, पितळेच्या किंवा कथलाचा लेप दिलेल्या पत्र्याच्या टांक्या कारागीर हातानें घडवूं लागले. गाडी श्रीमंतांची होती तोंवर महाग धातु परवडत होता.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीनें हें चित्र बदललें. १९०८ पासून १९२७ पर्यंत या एका नमुन्याच्या दीड कोटींहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. इतक्या टांक्या तांब्याच्या करणें अशक्य. त्या स्वस्त पोलादी पत्र्याच्या आणि यंत्रानें करावयाच्या होत्या. मॉडेल टीची टांकी पुष्कळशा गाड्यांत पुढील बैठकीखालीं असे. पेट्रोल ओढण्यास पंप नव्हता. तें आपल्या भारानेंच एंजिनाकडे वाहत जाई. त्यामुळें टांकींत पेट्रोल थोडें असतां मोठा चढ लागला कीं पुढचें एंजिन टांकीच्या वर जाई आणि प्रवाह थांबे. मग लोक गाडी वळवून चढ उलट्या दिशेनें चढत. टांकीच्या बुडाशीं गाळ आणि पाणी सांचण्यासाठीं एक लहान वाटी आणि ती रिकामी करण्यास तोटी ठेवलेली होती. पेट्रोलाखालीं पाणी सांचणारच, हें करणाऱ्यानें पहिल्या दिवसापासून गृहीत धरलें होतें. वाटी वेळोवेळीं रिकामी करणें हें मालकाचें काम होतें, आणि मालक तें विसरत असे.

१९२७ च्या अखेरीस मॉडेल ए ही गाडी आली आणि १९३१ पर्यंत चालली. तिची टांकी एंजिनाच्या मागें, चालकाच्या गुडघ्यांसमोर, अगदीं वरच्या बाजूस बसविलेली होती, आणि तिचा वरचा पत्रा हाच गाडीच्या बाह्यांगाचा भाग होता. चढावरची अडचण त्यामुळें दूर झाली. परंतु एक नवी अडचण निर्माण झाली, आणि ती पन्नास-साठ वर्षांनंतर लोकांच्या ध्यानांत आली. टांकी हाच गाडीच्या चेहऱ्याचा भाग असल्यामुळें ती गंजली म्हणून फेकून देऊन कोणतीहि दुसरी बसविणें सोपें राहिलें नाहीं. टांकी बरी करण्याची विद्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत वाढली, तिचें एक कारण हें आहे.

या काळांतील टांक्यांसाठीं जो पत्रा सर्वत्र रूढ झाला, त्याला टर्न पत्रा म्हणतात. फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ निस्तेज असा आहे. पोलादी पत्र्यावर शिसें आणि कथील यांच्या मिश्रणाचा लेप दिलेला असतो. त्यांत शिसें पुष्कळ आणि कथील थोडें. कथलाची झळाळी त्यांत नाहीं म्हणून हें नांव. छपरें घालण्यास हा पत्रा अमेरिकेंत मोटारीच्या आधीपासून वापरांत होता. टांकीसाठीं तो उत्तम ठरला, कारण हा लेप मऊ असल्यामुळें पत्रा दाबून हवा तसा वांकविला तरी तो तडकत नाहीं, आणि सांध्यांवर डाख चटकन् धरतो. शिसें एकट्यानें लोखंडाला चिकटत नाहीं. कथील मध्यस्थी करतें. थोडक्यांत, ही लोखंडाची कल्हईच होय.

पण तांब्याच्या कल्हईंत आणि लोखंडाच्या कल्हईंत एक भेद आहे. लेपाला कोठें ओरखडा पडला तर काय होईल, हें खालच्या आणि वरच्या धातूच्या परस्परसंबंधावर अवलंबून असतें. हा विषय प्रथम नीट पुढें आणला सर हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनज्ञानें. १८२४ सालीं त्यानें असें दाखविलें कीं जहाजाच्या बुडाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर समुद्राचें पाणी त्या तुकड्याला खातें आणि तांबें वांचतें. प्रयोग यशस्वी झाला. मात्र झिजणारें तांबें समुद्रजीवांना विषारी होतें, तें झिजणें थांबतांच जहाजाच्या बुडावर शिंपल्यांचे थर चढूं लागले आणि जहाजें मंदावलीं! एका रोगावरील उपाय दुसऱ्या रोगाला वाट करून देतो, याचें हें नामी उदाहरण आहे. १८३७ सालीं सोरेल नांवाच्या फ्रेंच अभियंत्यानें लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. जस्ताच्या लेपाला ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला वांचवितें. कथील आणि शिसें यांची नीति उलट आहे. लेप अखंड आहे तोंवर तीं लोखंडाचें उत्तम रक्षण करतात. परंतु सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें तर तेवढ्याच ठिकाणचें उघडें लोखंड अधिक वेगानें खाल्लें जातें. म्हणूनच जुन्या टांकीचा पुष्कळसा भाग चांगला दिसतो, आणि तळाशीं मात्र बारीक बारीक आरपार छिद्रें सांपडतात.

शिशाची गोष्ट येथें पुरी करणें अवश्य आहे. ९ डिसेंबर १९२१ रोजीं अमेरिकेंत टॉमस मिजली याला असें आढळलें कीं शिशाचें एक संयुग पेट्रोलांत थोडें मिसळल्यास एंजिनांतील ठोके थांबतात. १९२३ पासून असें पेट्रोल विकूं लागले. १९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सी येथील बेवे कारखान्यांत तें संयुग करणारे पांच कामगार विषबाधेनें वेडे होऊन मेले. तरीहि तें पेट्रोल जगभर जळत राहिलें. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून शिसेंयुक्त पेट्रोलाची विक्री थांबली, आणि जगांतील शेवटचा देश अल्जीरिया यानें तें २०२१ मध्यें सोडलें. टांकीवरच्या लेपांतील शिसेंहि यथाकाल मागें पडलें. १९७० नंतरच्या दशकांत युरोपांत प्लॅस्टिकच्या टांक्या पसरूं लागल्या, आणि पोलादी टांक्यांना जस्त किंवा ॲल्युमिनियम यांचे लेप आले. परंतु जुन्या मोटारीच्या टांकींतून निघणाऱ्या मळांत हें शिसें अजून आहे. तो मळ उघड्या हातांनीं चिवडूं नये, आणि मोरींत किंवा बागेच्या मातींत ओतूं नये.

आतां टांकी स्वच्छ करण्याच्या कृतीकडे वळूं. या कृतीची पहिली पायरी सर्वांत सोपी दिसते आणि सर्वांत घातक आहे: टांकी रिकामी करणें. लोकांची समजूत अशी कीं भरलेली टांकी धोक्याची आणि रिकामी निर्धास्त. वस्तुस्थिति बहुधा उलट असते. द्रव पेट्रोल जळत नाहीं, जळते ती त्याची वाफ. आणि तीहि हवेंत ठराविक प्रमाणांत मिसळली असेल तेव्हांच भडकते. हवेंत शंभर भागांस सुमारें दीड भागापासून साडेसात भागांपर्यंत वाफ असली तर एक ठिणगी पुरे. भरलेल्या टांकींत हवेला जागाच थोडी असते, आणि पेट्रोलाच्या पृष्ठभागावर वाफ इतकी दाट असते कीं ती सहसा पेटत नाहीं. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टांकींत मात्र कोपऱ्यांतील ओलीवरून आणि गंजाच्या पापुद्र्यांखालून निघणारी वाफ हवेशीं नेमकी त्या प्रमाणांत मिसळते. ही वाफ हवेहून तिपटी-चौपटीनें जड असल्यामुळें आपोआप वर उडून जात नाहीं. शून्याखालीं चाळीस अंशांच्या थंडींतहि पेट्रोल पेटूं शकेल इतकी वाफ देतें. मग मुंबईच्या उन्हाळ्याची गोष्टच नको.

अशा टांकीला डाख देण्यास ज्योत लावली, किंवा तिच्याजवळ विजेची ठिणगी उडाली, कीं टांकीचा बाँब होतो. जुने कुशल कारागीर म्हणूनच डाख देण्यापूर्वीं टांकींत तासन् तास पाण्याची वाफ सोडीत, किंवा दुरुस्तीच्या जागेपर्यंत ती पाण्यानें भरून ठेवीत. नाकाला वास येत नाहीं एवढ्यावर ते विसंबत नसत. ज्याच्यापाशीं ही साधनें आणि हा अनुभव नाहीं, त्यानें टांकीजवळ ज्योत नेऊं नये. तें काम जाणत्याच्या हवालीं करावें. घरच्या घरीं करावयाचें तें धुण्याचें आणि अस्तराचें काम, आणि तेंहि उघड्या हवेंत, विस्तव, विडी आणि विजेचीं बटणें यांपासून दूर.

रिकामी टांकी साबणाच्या पाण्यानें अनेकदां धुतली कीं जुन्या पेट्रोलाचा राळेसारखा चिकट थर आधीं काढावा लागतो, कारण त्याखालच्या गंजापर्यंत कोणतेंहि आम्ल पोंचत नाहीं. त्यानंतर सुटा गंज झाडण्यासाठीं टांकींत मूठभर खिळे, नट किंवा सांखळीचा तुकडा घालून ती हलवितात. कांहीं लोक ती जाड कापडांत गुंडाळून सिमेंट कालविण्याच्या फिरत्या पिंपांत बांधून ठेवतात. येथें एक साधा नियम पाळावा: आंत घातलेले नट मोजून घालावे आणि मोजून काढावे. सांखळी बरी, कारण ती एका टोकाला धरून सबंध बाहेर येते.

उरलेला घट्ट गंज काढण्यास आम्ल लागतें. चिंचेनें किंवा लिंबानें तांब्याचें भांडें उजळविणाऱ्या गृहिणीला यामागचें तत्त्व सांगावयास नको. शिरका आणि लिंबूसत्त्व हीं सौम्य आम्लें सावकाश काम करतात. मिठाचें तेजाब झपाट्यानें काम करतें. परंतु त्याला गंज कोणता आणि लोखंड कोणतें हा विवेक नाहीं, आणि आधींच पातळ झालेल्या पत्र्याला तें भोंकें पाडतें. फॉस्फोरिक आम्लाची रीत निराळी आहे. तें गंज विरघळवितें आणि जातां जातां लोखंडावर फॉस्फेटचा एक पातळ काळसर पापुद्रा मागें ठेवतें. बर्मिंगहॅमच्या टॉमस वॉट्स कॉस्लेट यानें या गुणाचा उपयोग करून १९०६ सालीं लोखंड गंजण्यापासून वांचविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. १९१५ पासून अमेरिकेंतील पार्कर कंपनीनें ती कृति मोटारीच्या धंद्यांत रूढ केली.

परंतु फॉस्फरसाचा हा प्रभाव निसर्गानें भारतांत त्याआधीं दीड हजार वर्षें करून ठेवला होता. दिल्लीला कुतुबमिनाराजवळ उभा असलेला लोहस्तंभ गुप्तकाळांतील आहे. त्याचें वजन सहा टनांहून अधिक आहे. इतक्या पावसाळ्यांनंतरहि तो गंजून कां गेला नाहीं, यावर अनेक तर्क झाले. कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेंतील धातुशास्त्रज्ञ रा. बालसुब्रमण्यम् यांनीं त्या लोखंडाचा सखोल अभ्यास करून असें दाखविलें कीं त्यांत फॉस्फरसाचें प्रमाण आजच्या पोलादाहून पुष्कळ अधिक आहे, आणि त्यामुळें पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा रक्षक पापुद्रा तयार झाला आहे. कोळशाच्या भट्टींत लोखंड गाळणाऱ्या त्या अज्ञात कारागिरांना हें रसायन ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण त्यांच्या हातून घडलेली गोष्ट आजच्या गंजविरोधी कृतीशीं नात्यानें जवळची आहे.

आणखी दोन मार्ग आहेत. पहिला विजेचा. १८३४ सालीं मायकेल फॅरडे यानें विद्युत्-विघटनाचे नियम मांडले. त्यांचाच हा व्यवहारांतील उपयोग. टांकींत धुण्याच्या सोड्याचें पाणी भरून तिला बॅटरीचें ऋण टोंक जोडतात, आणि तोंडांतून आंत सोडलेल्या साध्या लोखंडाच्या सळईला धन टोंक. सळई टांकीला चिकटतां कामा नये. प्रवाह सुरू झाला कीं सळई झिजते आणि टांकीचा गंज सैल होऊन सुटतो. शाबूत लोखंडाला धक्का लागत नाहीं. या क्रियेंत हायड्रोजन वायु निघतो आणि तोहि स्फोटक आहे, म्हणून काम उघड्यावरच करावें. सळई न गंजणाऱ्या पोलादाची कधींहि घेऊं नये, कारण तीपासून क्रोमियमचीं विषारी संयुगें पाण्यांत उतरतात.

दुसरा मार्ग साखरेच्या मळीचा. एक भाग मळी आणि आठदहा भाग पाणी असें मिश्रण टांकींत भरून दोनतीन आठवडे ठेवलें तर मळींतील द्रव्यें गंजांतील लोहाला हळूहळू धरून बाहेर ओढतात. वास असह्य, वेळ फार. पण खर्च नाममात्र, आणि चांगल्या लोखंडाचें नुकसान जवळ जवळ नाहीं.

कोणत्याहि मार्गानें गंज गेला कीं आम्लाचा अंश सोड्याच्या पाण्यानें मारून टांकी धुवावी लागते, आणि येथें पुष्कळांचें काम फुकट जातें. नुकतेंच उघडें झालेलें ओलें लोखंड हवेंत कांहीं मिनिटांतच पुन्हां तांबूस होऊं लागतें. म्हणून शेवटच्या धुण्यानंतर टांकींत थोडा मद्यार्क घालून ती सर्व बाजूंनीं फिरवितात. मद्यार्काला पाण्याची विलक्षण ओढ आहे. तो उरलेलें पाणी आपल्यांत ओढून घेऊन बाहेर येतो, आणि मागें राहिलेली ओल कोमट हवेच्या झोतानें वाळते. मद्यार्काची वाफहि पेटते, तेव्हां हा झोत तापलेल्या तारेच्या यंत्रांतून येतां कामा नये.

आतां अस्तर. टांकीच्या आंत हात जात नाहीं, ब्रश जात नाहीं. मग रंग लावावा कसा? याचें उत्तर विमानांच्या धंद्यानें दिलें. विमानाच्या पंखांतील पोकळीचीच टांकी करावयाची, तर रिबिटांच्या हजारों सांध्यांतून गळती व्हावयाची. म्हणून पातळ द्रव टांकींत ओतून, टांकी सर्व दिशांनीं कलती करून, उरलेला द्रव काढून घ्यावयाचा अशी युक्ति निघाली. मागें राहिलेला पापुद्रा वाळून सांधे बंद करी. पेट्रोलानें न विरघळणारें रबर या कामीं हवें होतें. तें १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत जोसेफ पॅट्रिक यानें, गोठण न होणारा द्रव शोधतां शोधतां, अनपेक्षितपणें निर्माण केलें. गंधकयुक्त अशा या चिवट द्रव्याला थायोकोल हें नांव मिळालें. दुसऱ्या महायुद्धानंतर इपॉक्सी राळा बाजारांत आल्या. मोटारीच्या टांकीचीं आजचीं अस्तरें या दोन घराण्यांच्या आणि त्यांच्या जोडीच्या इतर राळांच्या परिवारांतील आहेत.

अस्तर देण्याची कृति सोपी आहे: द्रव ओतावा, टांकी सावकाश सर्व अंगांवर लोळवावी, जास्तीचा द्रव पूर्ण निथळूं द्यावा, नळीचें आणि हवेचें छिद्र बुजलें नाहीं हें पाहावें, आणि सांगितले तितके दिवस सुकूं द्यावें. परंतु कल्हईवाल्याचा नियम येथें निष्ठुरपणें लागू पडतो. तेलकटपणा, ओल किंवा सैल गंज यांवर दिलेलें अस्तर कांहीं महिन्यांत पापुद्र्यांनीं सुटतें, आणि गंजाच्या चुऱ्यापेक्षां तें नळी अधिक घट्ट तुंबवितें. शिवाय अस्तर म्हणजे पत्रा नव्हे. टांकी स्वच्छ झाल्यावर दाभणानें तळ टोचून पाहावा. दाभण जेथें आरपार जातें तेथें पत्राच बदलला पाहिजे. कुजलेल्या तळावर राळेचा मुलामा देणें ही स्वतःचीच फसवणूक आहे.

या विद्येला अलीकडे एक नवी कसोटी लागली आहे, आणि तिचा महाराष्ट्राशीं जवळचा संबंध आहे. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढून तो पेट्रोलांत मिसळण्याची कल्पना जुनी आहे. भारतांत त्यासाठीं १९४८ सालींच कायदा झाला होता. भारतांतील पेट्रोलांत मद्यार्काचें प्रमाण २०२२ मध्यें दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्यें वीस टक्क्यांवर पोंचलें. देशाला त्याचे लाभ आहेत. जुन्या टांकीला मात्र तें मानवत नाहीं. ज्या ओढीमुळें मद्यार्क धुतलेली टांकी वाळवितो, त्याच ओढीमुळें तो पेट्रोलांत राहून दमट हवेंतील पाणी शोषून घेतो. दहा टक्के मद्यार्काचें पेट्रोल सुमारें अर्धा टक्का पाणी पोटांत ठेवूं शकतें. त्याहून अधिक झालें कीं पाणी आणि मद्यार्क एकजूट करून पेट्रोलापासून फुटतात आणि तळाशीं बसतात. पूर्वींच्या काळीं दिलेलीं कित्येक अस्तरें मद्यार्कांत मऊ पडून सुटलीं. म्हणून आतां अस्तर निवडतांना तें मद्यार्काला टिकतें काय, हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे. मळी गंज काढते आणि मळीचें अपत्य गंज आणतें, असा हा मौजेचा योग आहे.

नाशिक जिल्ह्यांत रावळगांवचा साखरकारखाना काढणाऱ्या वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं मुंबईला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा पाया घातला. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें निघालेल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींनीं मुंबईच्या दोन पिढ्या वाहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यांतील शेवटची टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. ज्या थोड्या गाड्या हौशी लोकांनीं घरीं ठेवल्या आहेत, त्या आतां चालतात थोड्या आणि उभ्या राहतात फार. मुंबईच्या पावसाळ्यांत उभी गाडी चालत्या गाडीपेक्षां लवकर गंजते. पावसाळ्यापूर्वीं टांकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला आंत जागा उरत नाहीं. किंवा दीर्घकाळ ठेवावयाची तर पेट्रोल पूर्ण काढून, ती कोरडी करून, आंतून तेलाचा हात द्यावा. अर्धी भरलेली टांकी विसरून जाणें हेंच सर्वांत वाईट.

तांबें, कथील, शिसें, जस्त, फॉस्फेट, राळ: लोखंडाला पाण्यापासून लपविण्याचे मनुष्यानें किती उपाय केले! प्रत्येक उपाय आपल्या काळांत खरा ठरला, आणि प्रत्येकानें पुढच्या काळाकडून कांहीं किंमत घेतली. शिशानें घेतलेली किंमत तर माणसांनीं मोजली. लोखंड नित्य मातीकडे परत जाऊं पाहतें. तें थांबत नाहीं, लांबणीवर टाकतां येतें. लांबणीवर टाकण्याची रीत मात्र कल्हईवाल्याच्या काळापासून तीच आहे: आधीं निर्मळ करावें, मग कोरडें करावें, आणि मगच झांकावें. यांतील पहिल्या दोन पायऱ्या कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहींत, आणि तिसरीचा सारा टिकाऊपणा त्यांच्यावरच उभा असतो.